दुधाळ पाणी आणि थोडा सब्र

ईदीचे पैसे साठवून मुले ज्या वस्तूंचा हट्ट धरतात, त्यांत हल्ली फिश टँकचाही नंबर लागतो. हिंगोलीहून, कधी थेट नांदेडहून दोन फुटी काचेची पेटी येते. सोबत रंगीत खडे, एक फिल्टर आणि पाण्याने फुगलेल्या पिशवीत सात-आठ मासे. पहिल्या दिवशी पाणी आरशासारखे असते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मात्र त्यात कुणी कपभर दूध ओतल्यासारखे दिसू लागते आणि घरात धावपळ सुरू होते. अम्मी म्हणतात, सगळे पाणी फेकून द्या. अब्बू म्हणतात, तुरटी फिरवा. शेजारचे चाचा मिठाची पुडी घेऊन येतात.

आमच्या साखऱ्यात (ता. सेनगाव) मुले आम्हालाही हाच प्रश्न विचारतात. आम्ही शिकवतो उर्दू आणि मराठी. पण या प्रश्नाचे नीट उत्तर देणे आवश्यक आहे, कारण त्यावर मुक्या जिवांचे जगणे-मरणे अवलंबून असते. उत्तर थोडक्यात असे: नव्या टँकमधला दुधाळपणा सहसा मासे मारत नाही. मासे मरतात ते त्याच काळात पाण्यात साचणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या अमोनियामुळे आणि आपण घाईने केलेल्या उपायांमुळे.

आधी रंग ओळखावा. टँक भरताच पाणी राखाडी दिसले, तर खडे किंवा वाळू नीट धुतलेली नाही. फिल्टर चालू ठेवला की ती धूळ एक-दोन दिवसांत बसते. पाणी हिरवे झाले, तर टँकवर ऊन येते आहे आणि शेवाळ वाढते आहे. जागा बदलावी, दिवा कमी वेळ लावावा. चहासारखा पिवळसर रंग टँकमधल्या लाकडाच्या ओंडक्यातून उतरतो, तो सहसा निरुपद्रवी असतो. पांढुरका, दुधाळ रंग मात्र जिवाणूंचा. उरलेले खाद्य आणि माशांची विष्ठा यांवर जगणारे जिवाणू नव्या पाण्यात एकदम लाखोंनी वाढतात, त्यांचेच ते धुके. खुराक संपला की ते आपोआप ओसरते. कधी चार दिवसांत, कधी दोन आठवड्यांत.

खरी गोष्ट पुढे आहे. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात, कुजणाऱ्या खाद्यातूनही तो निघतो, आणि तो माशांसाठी विष आहे. निसर्गात एका प्रकारचे जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात आणि दुसऱ्या प्रकारचे नायट्राइटचे नायट्रेट. नायट्राइटही विषारीच, नायट्रेट मात्र थोड्या प्रमाणात मासे सहन करतात. १८९०च्या सुमारास सर्गेई विनोग्राद्स्की या शास्त्रज्ञाने मातीतले हे जिवाणू वेगळे करून दाखवले. आपल्या शेतकऱ्यांना हे काम अनोळखी नाही. हळदीला किंवा कापसाला दिलेल्या युरियाचा आधी अमोनिया होतो, मग असेच जिवाणू त्याचे नायट्रेट करतात. फरक एवढाच की, शेतात ते आधीपासून असतात. नव्या टँकमध्ये त्यांना वसायला चार ते सहा आठवडे लागतात. ते पाण्यात तरंगत नाहीत, फिल्टरच्या स्पंजला आणि खड्यांना चिकटून राहतात.

म्हणूनच पाणी स्वच्छ दिसणे आणि पाणी निरोगी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डासांच्या अळ्या खाण्यासाठी आरोग्य विभाग गप्पी मासे सोडतो, त्या हौदांचे पाणी बघा. हिरवट असते, तरी मासे मजेत वाढतात, कारण तो हौद मुरलेला असतो. दिवाणखान्यातल्या लख्ख पाण्यात मात्र मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात.

आता काय करू नये ते पाहू. सगळे पाणी काढून, खडे आणि स्पंज नळाखाली घासून धुतले, तर वसू लागलेले जिवाणू वाहून जातात आणि मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होते. तुरटी मातीचा गढूळपणा खाली बसवते; पण तिने पाण्यातली आम्लता वाढते आणि ॲल्युमिनियम कल्ल्यांना इजा करू शकते. दुकानात मिळणारे निळे औषध रोगासाठी आहे, धुक्यासाठी नाही. ते उपयोगी जिवाणूंनाही मारू शकते.

करायचे ते सोपे आहे. खाद्य दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढेच. पाणी दुधाळ असताना एखादा दिवस उपास घडला तरी धडधाकट मोठ्या माशाचे काही बिघडत नाही. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टँकमध्ये साधारण ५० लिटर पाणी मावते. त्यातले १० ते १२ लिटर, म्हणजे एक बादली, दर दोन-तीन दिवसांनी बदलावे. मासे धापा टाकत असतील, तर रोज. स्पंज धुवायचाच असेल, तर टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळावा. कुणाचा जुना, निरोगी टँक असेल, तर त्यातला वापरलेला स्पंज किंवा मूठभर खडे मागून आणावेत. जिवाणू वसवायचा याहून जलद मार्ग नाही. अमोनिया तपासण्याचा संच घरी असला, तर अंदाजाने चालावे लागत नाही. काढलेले पाणी मोगऱ्याला, कढीपत्त्याला घालावे.

पाणी कोणते भरतो, हेही महत्त्वाचे. नळाच्या पाण्यात टीसीएल पावडर असेल, तर त्यातला क्लोरीन मासे आणि जिवाणू दोघांनाही मारक. असे पाणी उघड्या बादलीत २४ तास ठेवावे किंवा त्यात क्लोरीन घालवणारे औषध टाकावे. बोअरचे पाणी बहुधा जड. ते गप्पी, मॉली, प्लॅटी यांना मानवते. पण पाण्याचा सामू सातवरून आठवर गेला की अमोनियाचा विषारी भाग सुमारे नऊ-दहा पटींनी वाढतो, आणि ऊन वाढेल तसा आणखी. जारचे आरओ पाणी एकट्याने वापरू नये, त्यात क्षार फारच कमी असतात. उन्हाळ्यात कोमट पाण्यात प्राणवायूही कमी विरघळतो. लाइट बराच वेळ गेली, तर मग्ग्याने पाणी वरून हळूहळू ओतत राहावे. बॅटरीवर चालणारा छोटा पंप घेता आला तर उत्तम.

कंटाळा आला म्हणून मासे विहिरीत किंवा कयाधूत सोडणे, ही दया नव्हे. शोभेसाठी आणलेला सकर मासा असाच देशातल्या कितीतरी नद्या-तलावांत पसरला आहे. नको असतील, तर दुकानात परत द्यावेत किंवा सांभाळणाऱ्याच्या हाती सोपवावेत.

ज्यांच्या घरी टँक अजून यायचा आहे, त्यांना सांगणे एवढेच: आधी पेटी आणा, पाणी भरा, फिल्टर चालवा, रोज चिमूटभर खाद्य टाका. माशांसाठी महिना-दीड महिना थांबा, आणि मग एकदम आठ नव्हे, दोन-तीनच आणा. रिकाम्या पेटीकडे बघत महिनाभर थांबणे मुलांना जड जाते, हे आम्ही जाणतो. पण घरात आणलेला जीव ही अमानत आहे, आणि तिची तयारी जीव आणण्याआधीच करायची असते. मुलाच्या हाती कॅलेंडर आणि पेन द्या. पाणी कधी दुधाळ झाले, कधी निवळले, ते त्याला रोज लिहू द्या.