विश्वाचा आरंभ, अव्याकृत प्रश्न आणि डॉ. नारळीकर

पारनेर तालुक्यात निघोज येथे कुकडीच्या पात्रातील कठीण खडकात रांजणासारखे खोल खळगे पडलेले आहेत. भोवऱ्यात सापडलेले दगडगोटे दीर्घकाळ घासत राहिले आणि खडक कोरला गेला. त्यासाठी कोणा कर्त्याची कल्पना करावी लागत नाही. शेजारच्या जुन्नर तालुक्यात, खोडदच्या परिसरात, ४५ मीटर व्यासाच्या ३० रेडिओ दुर्बिणी आकाशातील लहरी टिपतात. खळग्याचे कारण आपण सहज सांगतो. तोच प्रश्न संपूर्ण विश्वाबद्दल विचारला तर काय?

डॉ. जयंत नारळीकर (१९३८-२०२५) यांनी या प्रश्नासाठी आयुष्य वेचले. विश्व एका महास्फोटातून आरंभले, हे मत १९६५ साली सूक्ष्मलहरींच्या पार्श्वप्रारणाचा शोध लागल्यानंतर बहुमान्य झाले. नारळीकरांना ते पटले नाही. फ्रेड हॉईल व जेफ्री बर्बिज यांच्यासह १९९३ मध्ये त्यांनी आरंभ नसलेल्या, प्रसरण-आकुंचनाच्या आवर्तनांतून जाणाऱ्या विश्वाची उपपत्ती मांडली. बहुसंख्य शास्त्रज्ञांनी ती स्वीकारली नाही. तथापि निर्णय बहुमताने नव्हे, निरीक्षणाने व्हावा, हा त्यांचा आग्रह कायम राहिला.

येथे आपल्यापैकी काही वक्त्यांना मोह होतो. अनादी विश्वाचा सिद्धान्त भगवंतांनी आधीच सांगितला होता, असे ते व्यासपीठावरून ठणकावतात. आम्हास हे मान्य नाही. मज्झिमनिकायातील चूळमालुंक्य सुत्तात लोक शाश्वत की अशाश्वत, हा प्रश्न मालुंक्यपुत्ताने विचारला आणि भगवंतांनी तो अव्याकृत ठेवला. बाण लागलेला मनुष्य बाण मारणाऱ्याचे गोत्र विचारीत बसला तर उपचाराआधीच मरेल, हा तेथील दृष्टान्त सर्वश्रुत आहे. नारळीकरांना उत्तर हवे होते. भगवंतांनी प्रश्नच बाजूला सारला, कारण दुःखनिरोधाशी त्याचा संबंध नाही. दोन्ही भूमिका प्रामाणिक आहेत, पण त्या एक नव्हेत. उद्या महास्फोट निर्विवाद सिद्ध झाला तरी चार आर्यसत्यांना धक्का लागणार नाही.

साम्य आहे ते अन्यत्र. कालामांना भगवंतांनी परंपरा, ऐकीव गोष्ट वा गुरूचा अधिकार पुरेसा मानू नका, असे सांगितले. विद्यापीठांत फलज्योतिष शिकविण्याच्या २००१ मधील प्रस्तावाला नारळीकरांनी विरोध केला. नुसता विरोध करून ते थांबले नाहीत. २००८ मध्ये डॉ. नरेंद्र दाभोलकर आदींच्या सहकार्याने त्यांनी कसोटीच घेतली. १०० हुशार व १०० मतिमंद मुलांच्या पत्रिका जमविल्या. प्रत्येक ज्योतिषाने ४० पत्रिका पाहून मूल कोणत्या गटातील ते सांगायचे. नाणे उडवूनही सुमारे २० उत्तरे बरोबर यावीत. २७ ज्योतिषांनी उत्तरे पाठविली. त्यांची सरासरी २० पर्यंतही पोहोचली नाही.

हे सांगावेसे वाटते, कारण वधूवरांच्या पत्रिका आजही आपल्या काही घरांत गुपचूप पाहिल्या जातात. बाहेर बावीस प्रतिज्ञा आणि आत गुणमेलन! विवाह मोडतात, मुलीच्या कपाळी मंगळाचा दोष चिकटतो. दीघनिकायातील ब्रह्मजाल सुत्तात ग्रहनक्षत्रांवरून भाकिते करून पोट भरणे ‘तिरच्छानविज्जा’, म्हणजे हीन विद्या, म्हणून वर्ज्य सांगितले आहे. त्या यादीचा मूळ पाली पाठ आम्ही पुढील अंकी अर्थासह देऊ.