दरीत उतरताना चढणीचा हिशेब

सह्याद्रीत फिरणाऱ्याच्या पायांना एक सवय लागलेली असते. पहाटे पायथ्याच्या गावातून निघायचे, दम आहे तोवर चढण संपवायची, माथ्यावर डबा उघडायचा आणि उन्हे कलली की उतरायला लागायचे. कष्टाचे काम आधी, सोपे नंतर. चढताना जमेनासे झाले तर माघारी फिरणे सोपे, कारण परतीची वाट उताराची असते.

अमेरिकेतील अॅरिझोना राज्यातील ग्रँड कॅन्यनमध्ये हे गणित नेमके उलटे होते. तिथे गाडी थेट माथ्यावर जाते आणि पायवाट खाली उतरते. सकाळच्या गारव्यात, ताज्या पायांनी, उताराने चालताना दोन तास कसे गेले ते कळत नाही. चढण उरते ती परतताना, भर दुपारी, पाय थकलेले आणि बाटलीतले पाणी तळाशी गेलेले असताना. दरवर्षी अडीचशेहून अधिक लोकांना या दरीतून सोडवून आणावे लागते, असे तेथील राष्ट्रीय उद्यान प्रशासन सांगते. त्यांतले सगळे काही अशक्त किंवा वयस्क नसतात. तरुण, धडधाकट, रोज धावणारे लोकही त्यात असतात. किंबहुना ‘मला काय होणार’ हा विश्वास त्यांच्याकडेच जास्त असतो.

मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत असलेली महाराष्ट्रातील अनेक कुटुंबे तिकडच्या उन्हाळी सुटीत ग्रँड कॅन्यन पाहायला जातात. काठावरून दरी पाहण्यात जोखीम फारशी नसते. मात्र ‘थोडे खाली जाऊन येऊ’ असे ठरले की तयारी लागते, आणि ती शरीराचे काम समजून घेऊनच करावी लागते.

खाली जावे तसे तापते

कळसूबाईचा माथा समुद्रसपाटीपासून १६४६ मीटर उंच आहे. ग्रँड कॅन्यनचा दक्षिण काठ त्याहूनही उंच, सुमारे २१०० मीटरवर आहे. तिथून निघणारी ब्राइट एंजल ही पायवाट साडेबारा किलोमीटरच्या आसपास अंतरात कोलोरॅडो नदीपर्यंत जाते. नदी सुमारे ७५० मीटर उंचीवरून वाहते. म्हणजे नदीवर जाऊन परत येणाऱ्याला एकाच दिवसात पंचवीस किलोमीटर चालून साडेतेराशे मीटरची चढण चढावी लागते, तीही शेवटी.

कोरडी हवा दर शंभर मीटर खाली उतरताना साधारण एक अंशाने तापते. त्यामुळे जुलैत काठावर दुपारचे तापमान सरासरी २९ अंशांच्या आसपास असते, तेव्हा तळाशी ते ४१ अंशांच्या घरात जाते. हे आकडे सावलीतले आहेत. पायवाटेवर सावली थोडी, दोन्ही बाजूंना तापलेले कडे, आणि तळाच्या भागात उष्णता शोषून घेणारा काळपट खडक. सुमारे पावणेदोनशे कोटी वर्षे जुन्या या खडकाला भूगर्भशास्त्रज्ञ ‘विष्णू शिस्ट’ म्हणतात. एकोणिसाव्या शतकात क्लॅरेन्स डटन या भूगर्भशास्त्रज्ञाने येथील शिखरांना विष्णू, शिव अशी नावे दिली. नाव ओळखीचे असले तरी तिथली दुपार मात्र विदर्भातल्या मे महिन्याची आहे, आणि विदर्भात मे महिन्यातल्या दुपारी कोणी डोंगर चढायला निघत नाही.

घाम दिसत नाही, म्हणून येत नाही असे नाही

चालताना स्नायू जी ऊर्जा जाळतात, त्यातला जेमतेम पाचवा-चौथा भाग कामी येतो. बाकीची उष्णता होते. सत्तर किलो वजनाचा माणूस पाठीवर सॅक घेऊन खडी चढण चढत असेल, तर तासाला साधारण ४८० किलोकॅलरी उष्णता तयार होते. ती बाहेर पडलीच नाही, तर तासाभरात शरीराचे तापमान सुमारे आठ अंशांनी वाढेल. तसे होत नाही, कारण शरीर ती सतत बाहेर टाकत असते.

हवा त्वचेपेक्षा गार असेल तर काही उष्णता हवेत जाते. त्वचेचे तापमान पस्तीस अंशांच्या आसपास असते. हवा त्याहून तापली की हा मार्ग बंद होतो, उलट हवाच शरीराला तापवू लागते. मग उरतो फक्त घाम. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. चढणीवर तासाला एक लिटर घाम सहज जातो, काहींचा त्याहूनही जास्त.

मुंबई-कोकणातल्या माणसाची इथे फसगत होते. दमट हवेत घाम वाळत नाही, शर्ट चिंब होतो, घाम येतोय हे कळते. वाळवंटात तो येताक्षणी उडून जातो. कपडे कोरडे राहतात, त्वचेवर मिठाचे पांढरे डाग तेवढे दिसतात. ‘घामच येत नाही, छान कोरडी हवा आहे’ असे म्हणत माणूस तासाला लिटरभर पाणी गमावत राहतो.

पाणी कमी होते तसे रक्ताचे आकारमान घटते. त्या कमी रक्तातून हृदयाला दोन मागण्या एकाच वेळी भागवायच्या असतात. स्नायूंना प्राणवायू हवा असतो आणि त्वचेला उष्णता बाहेर टाकण्यासाठी रक्त हवे असते. नाडी वाढते, पाय जड होतात, मळमळते. मळमळले की खाणे-पिणे थांबते आणि घसरण वेगाने होते.

पाणी कमी धोक्याचे, तसे जास्तही

‘भरपूर पाणी प्या’ हा सल्ला अर्धवट आहे. घामातून पाण्याबरोबर सोडियमही जाते. त्याची भरपाई न करता नुसते पाणी पीत राहिल्यास रक्तातील सोडियम पातळ होते. ते लिटरमागे १३५ मिलिमोलच्या खाली गेले की त्याला हायपोनॅट्रेमिया म्हणतात. पेशींमध्ये पाणी शिरून त्या फुगतात. मेंदू कवटीत बंदिस्त असल्याने त्याला फुगायला जागा नसते. डोकेदुखी, मळमळ, गोंधळ, आणि पुढे झटके व बेशुद्धी अशी ही वाट आहे. ग्रँड कॅन्यनमधील आजारी पडलेल्या पदयात्रींवर १९९० च्या दशकात झालेल्या अभ्यासात उष्णतेच्या त्रासासोबत हा प्रकारही ठळकपणे आढळला होता.

दोन्हींची सुरुवातीची लक्षणे सारखी दिसतात. फरक विचारपूस केल्यावर कळतो. पाणी कमी पडलेल्याला तहान असते, लघवी थोडी आणि गडद होते. पाणी जास्त झालेल्याने तासन्‌तास नुसते पाणी प्यायलेले असते, खाल्लेले काहीच नसते, लघवी वारंवार आणि स्वच्छ होते, बोटे सुजून अंगठी घट्ट होते. अशा माणसाला आणखी पाणी पाजणे जिवावर बेतू शकते. त्याला खारट खायला द्यावे आणि वैद्यकीय मदत मागवावी.

म्हणून तहानेनुसार, तासाला साधारण अर्धा ते एक लिटर पाणी घोट घोट प्यावे. तासाला दीड लिटरपर्यंत जाऊ नये. दर अर्ध्या तासाने काहीतरी खारट खावे. भारतातून नेलेला चिवडा, चकली, खारे शेंगदाणे या कामाला उत्तम. सोबत ओआरएसची पाकिटे असावीत, आणि एक पाकीट एक लिटर पाण्यातच विरघळवावे. उपवासाच्या दिवशी किंवा रिकाम्या पोटी उतरू नये.

तयारी आठवडे आधी

उन्हाची सवय शरीराला लागते, पण त्याला वेळ लागतो. रोज तासभर उष्ण हवेत चालले तर एक ते दोन आठवड्यांत रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते, घाम लवकर सुटतो, त्यात मीठ कमी जाते आणि त्याच श्रमाला नाडी कमी लागते. वातानुकूलित घर, गाडी आणि कार्यालय यांतच वावर असेल तर ही सवय दोन-तीन आठवड्यांत ओसरते. नागपूरचा माणूसही सहा महिने सिअॅटलला राहिला की उन्हाच्या दृष्टीने नवखाच असतो. पायांच्या तयारीसाठी जिने आणि टेकडी चांगली, आणि चढण्याइतकाच उतरण्याचाही सराव हवा. लांब उताराने मांड्यांचे स्नायू दुखावतात आणि नेमक्या परतीच्या चढणीला ते साथ देत नाहीत.

काही औषधांमुळे उन्हाचा त्रास वाढतो. रक्तदाबासाठीच्या, लघवीचे प्रमाण वाढवणाऱ्या गोळ्या, हृदयाची गती कमी ठेवणारी औषधे, सर्दी-अॅलर्जीवरील काही गोळ्या ही त्यांतली काही. औषध आपल्या मनाने बंद करू नये. निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. इन्सुलिन उन्हात खराब होते, तेव्हा ते थंड राहील अशी सोय करावी. हृदयविकार, मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी आणि गर्भवतींनी काठावरूनच दरी पाहावी. तिथूनही ती तितकीच भव्य दिसते.

कपड्यांच्या बाबतीतही सह्याद्रीतला नियम इथे उलटतो. पावसाळी ट्रेकला सुती कपडा टाळतात, कारण तो लवकर वाळत नाही. कडक उन्हाळ्यात वाळवंटात तोच गुण कामाला येतो. सैल, फिक्या रंगाचा, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट आणि रुंद काठाची टोपी पाणी मिळेल तिथे भिजवून अंगावर चढवावी. कोरड्या हवेत ते पाणी झपाट्याने वाळते आणि शरीराच्या घामाचे काम हलके होते.

परत फिरण्याची वेळ आधी ठरवा

उन्हाळ्यात सकाळी दहा ते दुपारी चार या वेळेत पायवाटेवर चालू नये, असे उद्यानाचे रेंजर सांगतात. एका दिवसात नदीपर्यंत जाऊन परत येण्याचा बेत करू नये, विशेषतः मे ते सप्टेंबरमध्ये, हेही ते बजावतात. उतरायला जितका वेळ लागतो त्याच्या दुप्पट चढायला धरावा. म्हणजे हाती सहा तास असतील तर दोन तासांनी, पुढे कितीही सुंदर दिसत असले तरी, मागे फिरायचे. पाण्याचाही हिशेब तसाच. एक तृतीयांश पाणी संपले की परतायचे.

ब्राइट एंजलवर अडीच आणि पाच किलोमीटरच्या आसपास दोन विसाव्याच्या जागा आहेत, सव्वासात किलोमीटरवर हवासुपाय गार्डन्स. उन्हाळ्यात पहिल्यांदा येणाऱ्याने पहिल्या विसाव्यावरून परतावे. या जागांवर नळाचे पाणी मिळते, पण दरीतली जुनी जलवाहिनी वरचेवर फुटते, म्हणून त्या दिवशी पाणी आहे का हे आधी विचारावे. शेजारच्या साउथ कायबाब पायवाटेवर तर पाणी मुळीच नाही आणि सावलीही नावालाच.

जुलैच्या मध्यापासून दुपारी वादळी पाऊस येतो. तिकडेही त्याला मान्सूनच म्हणतात. अरुंद घळींमध्ये पाऊस दूर कुठेतरी पडतो आणि लोंढा कोरड्या जागी येऊन थडकतो. ऑगस्ट १९९७ मध्ये अॅरिझोनातीलच अँटिलोप कॅन्यनमध्ये असाच लोंढा येऊन अकरा पर्यटक गेले. पावसाळ्यात सांदण दरीत उतरू नये हे जाणणाऱ्या ट्रेकरला यातले वेगळे सांगायला नको.

त्रास झालाच तर

दमणूक, डोकेदुखी, मळमळ, चक्कर, गार चिकट त्वचा ही उष्णतेने थकल्याची लक्षणे. तिथेच थांबावे, सावलीत बसावे, अंग ओले करावे, खारट खाऊन घोट घोट पाणी प्यावे, ऊन उतरेपर्यंत चढण सुरू करू नये. माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या देऊ लागला, चिडचिड करू लागला, की तो उष्माघात समजावा. तेव्हा शरीराचे तापमान चाळीस अंशांच्या वर गेलेले असते. घाम येत असला तरी फसू नये, कारण श्रमाने होणाऱ्या उष्माघातात घाम चालू राहू शकतो. अशा वेळी आधी गार करणे, मग हलवणे. ओढा जवळ असेल तर डोके पाण्याबाहेर धरून पाण्यात बसवावे, नसेल तर कपडे सतत भिजवून वारा घालावा. शुद्ध हरपत असलेल्याला तोंडाने पाणी पाजू नये.

मदत लगेच येईल असे गृहीत धरू नये. दरीत मोबाइलला बहुतेक ठिकाणी रेंज नसते, आणि फार तापलेल्या विरळ हवेत हेलिकॉप्टरलाही उडण्याच्या मर्यादा येतात. १९९६ च्या उन्हाळ्यात उष्णतेने अनेक बळी गेल्यावर उद्यानाने पायवाटांच्या तोंडाशीच माणसे उभी करून उतरणाऱ्यांशी बोलायला सुरुवात केली. तुमच्याकडे पाणी किती, खायला काय, कुठवर जाणार, असे साधे प्रश्न ते विचारतात. उत्तरे ऐकून काही जण तिथूनच बेत बदलतात. हेच प्रश्न आदल्या रात्री, सॅक भरतानाच घरच्यांनी एकमेकांना विचारावेत. कोण कुठवर जाणार, किती वाजता मागे फिरणार, हे कागदावर लिहून काठावर थांबणाऱ्याच्या हाती द्यावे आणि घड्याळाने ती वेळ दाखवली की वळावे.