दुर्बिणीला आधी आकाश दाखवावं लागतं

गो-टू दुर्बीण पहिल्यांदा बघितली की वाटतं, हँडसेटवर शनी निवडायचा, बटण दाबायचं, यंत्र घरघरत वळणार आणि कडी समोर. तसं होतंही. पण त्याआधीची पंधरा मिनिटं कुणी दाखवत नाही, आणि हौसेने घेतलेली दुर्बीण महिन्याभरात माळ्यावर जाते ती बहुतेक वेळा त्या पंधरा मिनिटांपायीच. म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

दुर्बीण सुरू केली की तिला काहीच ठाऊक नसतं. नळी पेलणाऱ्या बैठकीत, म्हणजे माउंटमध्ये, दोन मोटारी असतात. एक नळीला आडवी फिरवते, दुसरी वर-खाली करते, आणि कोणती किती फिरली याची मोजणी आत चालू असते. हँडसेटच्या स्मृतीत चाळीस हजारांच्या आसपास तारे, तारकागुच्छ आणि दीर्घिकांचे पत्ते भरलेले असतात. आपण तारीख, वेळ आणि ठिकाण सांगितलं की या क्षणी आकाशाचा कुठला भाग डोक्यावर आहे, एवढं गणित तो करू शकतो. मात्र नळीचं तोंड आत्ता कुठे आहे, ट्रायपॉड किती कललेला आहे, हे त्याला कळत नाही. त्यासाठी एकेक करून दोन ओळखीचे तारे बरोबर मधोमध आणून दाखवायचे. एका ताऱ्याने दिशा कळते, दुसऱ्याने कल कळतो. याला अलाइनमेंट म्हणतात.

पहिली ठेच माहिती भरताना लागते. हँडसेटवर बहुधा आधी महिना आणि मग दिवस असतो. माझ्या पहिल्या रात्री, ५ डिसेंबरला, मी सवयीने ०५/१२ असं भरलं. यंत्राने ती १२ मे धरली आणि ताऱ्यांच्या यादीत स्वाती आणि चित्रा दाखवायला लागलं. पूर्वेला रोहिणी आणि ब्रह्महृदय लखलखत होते, आणि यादीतले दोन्ही तारे क्षितिजाखाली. दोन तास गच्चीवर मी दुर्बीणच बिघडलीय असं समजत होतो. अक्षांश-रेखांशांचंही तसंच. फोन पुण्याचा अक्षांश १८.५२ दाखवतो, हँडसेटला अंश आणि कला हव्या असतात, म्हणजे १८ अंश ३१ कला. रेखांश ७३ अंश ५१ कला, आणि तो पूर्व आहे हे तपासायचं. टाइम झोन साडेपाच तास पुढचा, डेलाइट सेव्हिंग बंद. अक्षांशातली थोडी चूक दोन ताऱ्यांच्या जुळणीत बरीचशी सांभाळली जाते, तारखेची मात्र नाही.

आता तारे. जानेवारीत रात्री आठच्या सुमाराला ईशान्येला ब्रह्महृदय आणि आग्नेयेला व्याध ही जोडी मला सगळ्यात आवडते. दोघे ठळक, एकमेकांपासून लांब, आणि कुणीही डोक्यावर नाही. अगदी डोक्यावरचा तारा घेतला तर नळी जवळजवळ उभी होते आणि आडवी दिशा नेमकी ठरत नाही. हँडसेटवर नावं पाश्चात्त्य असतात, तेव्हा पंचांगातली नक्षत्रं ज्यांना पाठ आहेत त्यांनी एवढी गाठ मारून ठेवावी: व्याध म्हणजे सिरियस, ब्रह्महृदय म्हणजे कॅपेला, रोहिणी म्हणजे आल्डेबरान, मघा म्हणजे रेग्युलस, चित्रा म्हणजे स्पायका, स्वाती म्हणजे आर्क्टुरस, ज्येष्ठा म्हणजे अँटारेस, श्रवण म्हणजे आल्टेअर. या आठांवर वर्षभराचं काम भागतं.

तारा आधी नळीवरच्या फाइंडरच्या लाल ठिपक्यावर आणायचा, मग डोळा लावायच्या आयपीसमध्ये. शेवटचं सरकवणं नेहमी ‘वर’ आणि ‘उजवी’ याच बटणांनी करायचं. दात्यांच्या चाकांमध्ये थोडी ढिलाई असते; बटण सोडून उलटं दाबलं की मोटार फिरते पण नळी क्षणभर हलत नाही. शेवट कायम एकाच बाजूने केला की ती ढिलाई हिशेबातून जाते. व्याध मधोमध दिसतोय याची खात्री पटत नसेल तर आयपीस मुद्दाम थोडा बाहेर ओढा. तारा पसरून गोल चकती होते, आणि चकती मधोमध आहे की नाही ते डोळ्याला लगेच समजतं. मग मृग नक्षत्रातला तेजोमेघ, एम ४२, मागायचा. राखाडी धूर आणि त्यात चार बारीक तारे दिसले की अलाइनमेंट जमलं.

आता खरेदी. किंमत कशाकशात वाटली जाते ते बघा: काचेचा व्यास, माउंट आणि संगणक. ठरलेल्या रकमेत संगणक आला की व्यास घटतो. माझं मत असं की गो-टू घ्यायची तर १२५ ते १५० मिमी व्यासाच्या खाली जाऊ नये. सेलेस्ट्रॉनची नेक्सस्टार ६एसई हे नेहमीचं उदाहरण: १५० मिमी व्यास, १५०० मिमी नाभीय अंतर, आणि प्रकाश आत उलटसुलट वळवल्यामुळे नळी जेमतेम ४० सेंटिमीटरची. तेवढं बजेट नसेल तर साधी, हाताने फिरवायची २०० मिमीची डॉब्सोनियन घ्या. ती १५० मिमीपेक्षा पावणेदोन पटींहून जास्त प्रकाश गोळा करते.

माउंट बघायलाच हवं. ध्रुवाशी जुळवायचं विषुववृत्तीय माउंट लांब एक्स्पोजरच्या फोटोंसाठी लागतं, पण आपल्याकडे ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम १८-१९ अंशांवर, म्हणजे शेजारच्या इमारतीमागे. डोळ्यांनीच बघायचं असेल तर आडवं-उभं फिरणारं माउंट पुरतं.

आयपीसचं गणित सोपं आहे: नाभीय अंतराला आयपीसच्या आकड्याने भागा. सोबत येणारा २५ मिमीचा आयपीस १५०० मिमीच्या दुर्बिणीत ६० पट देतो. १० मिमीचा एक घेतला की १५० पट, म्हणजे शनी आणि गुरूसाठी छान. खोक्यावरच्या ५०० पटींवर विश्वास ठेवू नका. ३२ मिमीचा तिसरा घ्या, पण त्यातही कृत्तिका पूर्ण मावत नाहीत. क्षेत्र सुमारे एका अंशाचं आणि त्या पसरल्यात जवळजवळ दोन अंशांत. त्यांच्यासाठी १०×५०ची द्विनेत्री जवळ असावी.

वीज ही दुखरी बाब आहे. आठ पेन्सिल सेल लवकर बसतात, आणि व्होल्टेज उतरलं की यंत्र बंद पडण्याआधी भलतीकडे वळायला लागतं. यूपीएसमध्ये असते तशी १२ व्होल्टची ७ ॲम्पिअर-अवरची बॅटरी रात्रभर साथ देते. प्लगचं मधलं टोक धन आहे ना, हे जोडण्याआधी मल्टिमीटरने बघा.

कोकणात किंवा मुंबईत दव पुढच्या काचेवर तासाभरात बसतं. योगा मॅटचा तुकडा नळीभोवती गुंडाळून पुढे वीतभर काढला की ते बरंच लांबतं. काच पुसू नका. पावसाळ्याचे चार महिने सिलिका जेलसकट हवाबंद डब्यात ठेवा, नाहीतर काचेवर बुरशी धरते आणि तिचे डाग उरतात.

सूर्याकडे वळायचं तर नळीच्या पुढच्या तोंडावर पूर्ण व्यासाचा सौर फिल्टर हवाच, आणि फाइंडरवर झाकण. आयपीसला लावायचे छोटे सौर फिल्टर उष्णतेने तडकतात. ते फेकून द्या.

अलीकडे सीस्टार एस५०सारख्या स्मार्ट दुर्बिणी आल्यात. ५० मिमीची काच, आयपीस नाहीच. आकाशाचा फोटो काढून तारे स्वतः ओळखायचे आणि फोटोंवर फोटो रचून चित्र फोनवर आणायचं. प्रकाशाने धुतलेल्या शहरातून दीर्घिका दिसते ती यांच्यामुळे. पण ग्रह त्यांच्यात इवलेसे दिसतात, आणि शनीची कडी स्वतःच्या डोळ्याने बघायची असेल तर ही ती दुर्बीण नव्हे.

पैसे देण्याआधी दुसऱ्यांच्या दुर्बिणींतून बघा. पुण्यात १९४४ पासून ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, मुंबईकरांसाठी खगोल मंडळाचे वांगणीचे कार्यक्रम असतात. तिथे रात्रभर रांगेत उभं राहा, प्रत्येक दुर्बिणीच्या मालकाला अलाइनमेंट करताना बघा, आणि पहाटे आवराआवरीला हात लावा. ६एसई ट्रायपॉडसकट १४ किलोच्या आसपास भरते. ती उचलून गाडीपर्यंत नेऊन बघा, मग आपल्या गच्चीचे जिने मोजा.