इम्प्लांटभोवतीची हिरडी

नैसर्गिक दाताच्या मुळात हिरडीचे तंतू थेट रुतलेले असतात. टायटॅनियमच्या इम्प्लांटला ते नुसते वेढून राहतात. त्यामुळे तिथली हिरडी जाड हवी. पातळ हिरडीतून धातूची करडी झाक दिसते, आणि जाडी 2 मिलिमीटरपेक्षा कमी असली तर भोवतालचं हाड झिजण्याचा धोका वाढतो.

पातळ हिरडीत भर घालायला सर्वांत भरवशाचं साहित्य अजूनही रुग्णाच्याच टाळूतून काढतात. ते जिवंत असतं, चांगलं रुजतं. टाळूची जखम मात्र काही दिवस जेवताना झोंबते. ती टाळायची तर डुकराच्या कोलॅजेनचं जाळं किंवा मानवी दात्याच्या त्वचेचा पेशीविरहित सांगाडा वापरतात. रुग्णाच्या पेशी त्यात शिरून नवी ऊती विणतात. जाडी बहुधा थोडी कमी मिळते. साहित्य कशापासून बनलंय, हे रुग्णाला आधी सांगायलाच हवं.