मेहरानगडाचा उतार: मरूभूमीची झाडं आणि तोड्याच्या बंदुका

जोधपूरला गेलेला मराठी प्रवासी मेहरानगड पाहतो, तटावरून निळ्या घरांचे फोटो काढतो, कैर-सांगरीची भाजी खातो आणि जैसलमेरची गाडी पकडतो. गडाला लागूनच खडकाळ उतारावर पसरलेलं राव जोधा डेझर्ट रॉक पार्क बहुधा त्याच्या यादीत नसतं. माझं सांगणं असं, की आधी तिथे जा, मग गडावर चढा.

इथला खडक म्हणजे सुमारे 75 कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीतून निघालेला रायोलाइट. त्यावर पहार मारली तर हाताला झिणझिण्या येतात. 1459 मध्ये राव जोधांनी गडासाठी हीच टेकडी निवडली. विसाव्या शतकात मात्र तिच्या उतारावर वेडी बाभूळ माजली. मराठवाड्या-सोलापूरकडच्या वाचकांना तिची ओळख करून द्यायला नको. मूळची अमेरिका खंडातली, वरून तोडली की बुडातून पुन्हा फुटणारी. मारवाडात तिला बावळिया म्हणतात. 2006 मध्ये मेहरानगड संग्रहालय न्यासाने सुमारे 70 हेक्टर जमीन तिच्यापासून सोडवायचं ठरवलं. काम हाती घेतलं प्रदीप क्रिशन यांनी, म्हणजे ‘मॅसी साहिब’चे दिग्दर्शक आणि पुढे वृक्षांचे अभ्यासक झाले तेच. प्रश्न मुळांचा होता. गडाच्या इतक्या जवळ सुरुंग लावता येत नव्हते. तेव्हा खांडवालिया हे इथले दगडफोडे मदतीला आले. खडकावर हातोडी ठोकायची, आवाज ऐकायचा आणि दगड कुठे चिरलेला आहे, कुठे पोकळ आहे ते सांगायचं, ही त्यांची विद्या. त्यांनी छिन्नीने बाभळीची मुळं कोरून काढली आणि त्याच खळग्यांमध्ये इथल्या मातीची रोपं लागली. 2011 पासून पार्क सर्वांना खुलं आहे.

रोपंही इथलीच, रोपवाटिकेत वाढवलेली. कैर म्हणजे आपल्याकडची नेपती, पानं जवळजवळ नाहीतच, हिरव्या काड्याच पानांचं काम करतात. कुमटियाच्या बिया पंचकुटा भाजीत पडतात, त्याच्या सालीतून डिंक गळतो. थोराचे काटेरी झुबके थेट दगडातून उठलेले दिसतात. या सगळ्यांत मान खेजडीचा, तिच्याच शेंगा म्हणजे सांगरी. ही खेजडी आपली शमी. अज्ञातवासात जाताना पांडवांनी आपली शस्त्रं जिच्यावर लपवली, दसऱ्याला आपण जिची पूजा करतो, तीच. जोधपूरपासून जवळच असलेल्या खेजडली गावी 1730 मध्ये चुन्याच्या भट्टीसाठी ही झाडं तोडायला राजाची माणसं आली, तेव्हा अमृता देवींसह 363 बिश्नोई झाडांना मिठी मारून कापले गेले. खेजडीसमोर उभं राहताना हा आकडा आठवावाच.

मग गडावर या आणि शस्त्रदालनात तलवारींपेक्षा बंदुकांपाशी जास्त वेळ थांबा. या तोड्याच्या बंदुका हाताने घडवलेल्या आहेत. लोखंडाच्या पट्ट्या तापवून गजाभोवती मळसुत्री गुंडाळायच्या, ठोकून एकजीव करायच्या, मग आतून तासून नळी सरळ करायची. अशा नळीत दारूचा जोर नीट पेलला जातो आणि घासल्यावर लोखंडातली वळणंही उमटतात. चाप ओढला की कुंद्याच्या खाचेतली कळ हलते, तिने धरलेला पेटता तोडा रंजकाला लागतो, बार उडतो. चकमकीच्या बंदुका आल्या तरी राजस्थानात तोड्याची बंदूक एकोणिसाव्या शतकातही टिकून राहिली, ती मागासपणामुळे नव्हे. तिच्यात नाजूक स्प्रिंग नाही, चकमकीचा दगड मिळवायला नको आणि बिघडली तर गावचा लोहार दुरुस्त करतो. मला हा विचार फार शहाणपणाचा वाटतो. या बंदुकांवर कोफ्तगरीचं काम आहे. पोलादावर बारीक रेघा पाडून सोन्याची तार ठोकून बसवलेली असते. काही कुंद्यांवर हस्तिदंतही आहे. रॉबर्ट एल्गुड यांनी जोधपूरच्या राठोड राजघराण्याच्या या शस्त्रागारावर दोन खंडांचा ग्रंथ लिहिला, तो 2017 मध्ये आला.

बंदूक आणि झाड यांचं नातं दारूपाशी जुळतं. सोरा आणि गंधक यांच्याबरोबर हलका, चटकन पेटणारा कोळसा लागतो. त्यासाठी रुईचं लाकूड चांगलं मानलं जाई आणि ही रुई, मारवाडातला आकडा, वाळवंटात जागोजागी उगवते.

जायचं तर पावसाच्या शेवटी, ऑगस्ट-सप्टेंबरात. तेव्हा उतार हिरवा असतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये गेलात तर रोहिड्याची केशरी-पिवळी फुलं पाहायला मिळतील, ते राजस्थानचं राज्यफूल आहे. मे महिना टाळा. सकाळी लवकर निघा, जाड तळाचे बूट घाला आणि झाडं ओळखणारा वाटाड्या सोबत घ्या. त्याच्याशिवाय थोर आणि कुमटिया सोडले तर बाकी सगळी काटेरी झुडपं एकसारखीच वाटतील.