दहावा वाटा कुणाचा?

रमजानचा महिना लागला की म्हसळ्याच्या बाजारपेठेत जकातीचा हिशेब कानावर पडतोच. वर्षभर शिल्लक राहिलेल्या संपत्तीचा चाळिसावा भाग, म्हणजे शेकडा अडीच. ज्यांची शेती आहे ते उश्रही सांगतात. पावसावर पिकलं तर पिकाचा दहावा हिस्सा, स्वतः पाणी ओढून पिकवलं तर विसावा. ज्याच्या घामाचा वाटा जास्त, त्याच्यावरचा भार निम्मा. शिक्षिका म्हणून या गावात आले, इथलीच झाले आणि शेजारणींच्या तोंडून हा हिशेब ऐकता ऐकता आम्हा ख्रिस्ती लोकांच्या दशांशाबद्दल वाचायचा नाद लागला. तो अजून सुटलेला नाही.

आजच्या ख्रिस्ती माणसाच्या दानात दशांशाला जागा आहे का? माझं उत्तर आधीच सांगते. जागा आहे, पण कर म्हणून नाही आणि आकाशातून दामदुप्पट परतावा मिळवायची युक्ती म्हणून तर मुळीच नाही.

इतिहास थोडक्यात आटोपते. अब्रामाने लढाईतल्या लुटीचा दहावा भाग मलकीसदेकाला दिला, याकोबाने बेथेलला तसा नवस केला, मोशेच्या नियमशास्त्रात त्याचा कायदा झाला. युरोपात ५८५ साली माकोंच्या धर्मसभेने दशांश न देणाऱ्याला बहिष्काराची धमकी दिली आणि आठव्या शतकात शार्लमेनच्या फर्मानाने त्याला राजसत्तेचं बळ मिळालं. फ्रान्सने राज्यक्रांतीत, १७८९ मध्ये, तो रद्द केला. आयर्लंडमध्ये १८३० च्या दशकात त्यावरून रक्त सांडलं. इंग्लंडने १८३६ च्या कायद्याने धान्याचा दशांश रोख रकमेत बदलला आणि विसाव्या शतकात तोही संपवला.

मला खरा रस आहे तो बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायात. मलाखीतला 'भांडारात दशांश आणा' हा भाग व्यासपीठावरून वारंवार ऐकू येतो. अनुवादाचा हा अध्याय मात्र इतक्या वर्षांत क्वचितच ऐकला. तिथे सांगितलंय की धान्य, द्राक्षारस आणि तेल यांचा दहावा भाग घेऊन पवित्रस्थानी जा आणि घरच्यांसह तिथेच आनंदाने खा. वाट लांबची असेल तर माल विकून चांदी गाठीला बांध, तिथे पोचल्यावर मनाला येईल ते विकत घे आणि देवासमोर जेव. पवित्रस्थानाची सेवा करणाऱ्या, वतन नसलेल्या लेव्याला तेवढं विसरू नकोस. म्हणजे हा दशांश देणाऱ्याच्याच पंगतीत वाढला जायचा! दर तिसऱ्या वर्षी मात्र तो पवित्रस्थानी न्यायचाच नाही. गावच्या वेशीच्या आतच ठेवायचा आणि लेवी, परदेशी, पोरका आणि विधवा यांनी तो पोटभर खायचा.

गणनाच्या अठराव्या अध्यायात आणखी एक गोष्ट आहे, तीही अशीच मागे पडलेली. लेव्यांना जो दशांश मिळे, त्याचा दशांश त्यांनी पुढे याजकाला द्यायचा. घेणाराही देण्यातून सुटत नव्हता. आणि हे सारं धान्याचं, फळांचं, गुराढोरांचं होतं. ज्याच्याकडे ना शेत ना कळप, त्या मजुराच्या रोजंदारीचा दशांश नियमशास्त्राने नेमून दिलेला मला कुठे सापडला नाही. येशूच्या काळी परूशी पुदिना, शेप आणि जिऱ्याचाही दहावा भाग मोजून देत. येशूने त्या मोजण्याला नावं ठेवली नाहीत. न्याय, दया आणि विश्वास सोडून ते नुसतं मोजत बसतात, यावर त्याने बोट ठेवलं. पुढे जक्कयाने निम्मी मालमत्ता गरिबांना द्यायचं कबूल केलं आणि मंदिरातल्या विधवेने दोन नाणी टाकली, ती तिची सारी उपजीविका होती. पौलाने करिंथकरांना टक्केवारी सांगितलीच नाही. आठवड्याच्या पहिल्या दिवशी मिळकतीच्या मानाने बाजूला ठेवा आणि कुरकुर न करता द्या, एवढंच त्याचं म्हणणं.

आता कोर्लईबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. म्हसळ्याहून दिघीला जायचं, फेरीबोटीने आगरदांड्याला उतरायचं आणि मुरूड, काशीद मागे टाकत कोर्लई गाठायचं. खाडी ओलांडताना दिसणारा जंजिरा या वाटेवरचं निम्मं सुख. कुंडलिकेच्या मुखाशी डोंगरावर पोर्तुगीज किल्ला आणि पायथ्याच्या वस्तीत आजही पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून घडलेली बोली. दाराशी बसलेल्या आजी नातवाला त्या बोलीत रागावतात आणि पुढच्याच क्षणी पाहुण्याशी मराठीत बोलतात. ते ऐकायला मी पुन्हा पुन्हा गेले आहे.

दशांशाचं इथे काय काम? पोपने पोर्तुगालच्या राजाला, ऑर्डर ऑफ ख्राइस्टचा प्रमुख म्हणून, समुद्रापलीकडच्या मुलखातला दशांश गोळा करायचा हक्क दिला होता. बदल्यात चर्च बांधणं आणि धर्मगुरूंचा खर्च चालवणं राजाच्या अंगावर होतं. गोव्यात दशांश अशा रीतीने सरकारी महसूलच झाला. इकडे आमच्या किनाऱ्यावर १७४० मध्ये मराठ्यांनी पोर्तुगिजांचा चौल आणि कोर्लईचा अंमल संपवला. दशांशामागे उभी असलेली राजसत्ता गेली, राजाचा पगारी खर्च गेला, पण कोर्लईची ख्रिस्ती वस्ती राहिली, तिचं चर्च राहिलं. पावणेतीनशेहून अधिक वर्षं ही मंडळी राजाज्ञेशिवाय टिकली आहे. सक्ती नसेल तर कुणी देणार नाही, असं म्हणणाऱ्याला मी कोर्लईला जाऊन यायला सांगते.

दुसरं उदाहरण आमच्या दक्षिणेला आहे. बागमांडल्याहून सावित्रीची खाडी ओलांडून वेश्वीला उतरलं की बाणकोट जवळच. तिथे १८२३ मध्ये स्कॉटिश मिशनरी आले. त्यांच्या मायदेशी धर्मगुरूंचं वेतन जमिनीवरच्या दशांशातून येत असे, तोही कायद्याने. त्यांना इकडे पाठवणारी मिशनरी सोसायटी मात्र लोकांच्या ऐच्छिक वर्गणीवर चालत होती.

मिशनच्या पैशाची दुसरी बाजूही सांगायला हवी. अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, १८३१ पासून अमेरिकन मराठी मिशनचं काम चालू झालं. शाळा, दवाखाने, पाळकांचे पगार यांसाठी पैसा बोस्टनहून यायचा. काम मोठं झालं, त्याचं ऋण मी मानते. पण खर्चाची तरतूद परस्पर होत राहिली की आपली मंडळी आपण पोसायची, ही सवय अंगी मुरत नाही. रेव्हरंड ना. वा. टिळकांना हे फार जाणवलं. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची पगारी चाकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा संघ उभा करायला घेतला. दोनच वर्षांत, १९१९ च्या मे महिन्यात ते गेले. मराठी ख्रिस्ती दानाचा विचार करताना मला मलाखीआधी टिळकांचा हा निर्णय आठवतो.

माझी आत्या त्याच नगर जिल्ह्यातली. दळणासाठी ज्वारी काढली की एक मूठ चुलीमागच्या गाडग्यात टाकायची. रविवारी ते गाडगं देवळात रिकामं व्हायचं. दशांश हा शब्द तिने कधी उच्चारला असेल असं वाटत नाही. कापणीच्या सणाला तर आमच्या देवळाचा मळाच व्हायचा. वेदीपुढे बाजरीची कणसं, भोपळे, अंडी, पाय बांधलेला कोंबडा. उपासना झाली की लिलाव. 'एक वार, दोन वार...' एकदा एका भोपळ्यावर शेतमजूर बाईने बोली लावली. तो तिला मिळाला, तिने पैसे मोजले आणि भोपळा उचलून पुन्हा लिलावाला ठेवला. पुढच्या माणसानेही तेच केलं. त्या दिवशी एकच भोपळा कितीदा तरी विकला गेला आणि शेवटी पाळकांच्या स्वयंपाकघरात गेला. खजिनदारांच्या वहीत प्रत्येक बोली नावानिशी चढली आणि वही पुढच्या रविवारी सगळ्यांसमोर वाचली गेली.

दशांश शिस्तीने चालवणारे पंथ आजही आहेत. सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट मंडळी पुण्यातही जुनी आहे. त्यांच्यात दशांश आणि इतर दान वेगळं मोजतात. दशांश धर्मसेवेसाठी वर पाठवायचा, देवळाचा स्थानिक खर्च इतर दानातून भागवायचा. पैसा कुठे जातो हे देणाऱ्याला ठाऊक असतं, हे मला आवडतं. याउलट, एका मंडळीत दशांश थकलेल्यांची नावं फलकावर लावलेली मी पाहिली. त्यात नवरा नुकताच गेलेल्या एका बाईचंही नाव होतं. अनुवादाच्या पुस्तकात जिला दशांश खाऊ घालायला सांगितलं, तिच्याकडेच तो मागितला जात होता. तो फलक मला विसरता येत नाही.

हिशेबही बघा. महिना १२,००० मिळवणाऱ्याने १,२०० दिले तर हाती उरतात १०,८००. त्यात भाडं, शाळा, औषधं. महिना १,२०,००० मिळवणाऱ्याने १२,००० दिले तरी त्याच्याकडे १,०८,००० शिल्लक. टक्का एकच, पण ओझं एक नाही. उश्राने पाण्याचे कष्ट ओळखून हिस्सा निम्मा केला, मग आपण माणसाची परिस्थिती का ओळखू नये?

म्हणून माझं म्हणणं असं. ज्याचं घर सुखाने चालतं, त्याच्यासाठी दहावा भाग ही सुरुवात आहे, त्याखाली येऊ नये आणि तिथेच थांबूही नये. ज्याची ओढाताण चालली आहे त्याला कुणी टक्का विचारू नये, त्याची मूठभर ज्वारी पुरे. पाळकांनीही आपल्या मानधनातून द्यावं. जमलेल्या दानाचा ठरावीक हिस्सा दरवर्षी आपल्याच गावातल्या पोरक्या, विधवा आणि परक्या माणसांसाठी, त्यांचा धर्म न विचारता, काढून ठेवावा. आणि जमाखर्च दाराशी लावावा. सार्वजनिक विश्वस्त संस्थांना हिशेब तपासून घेणं १९५० च्या कायद्याने बंधनकारक आहेच, पण तो सभासदांना वाचायला मिळाला पाहिजे.

आता नाताळ येईल, त्यापाठोपाठ वर्षअखेरीची उपकारस्तुती आणि दानाची पाकिटं. पाकीट जरूर भरा, हात आखडू नका. मात्र त्याआधी अनुवादाचा चौदावा अध्याय घरात सगळ्यांसमोर एकदा मोठ्याने वाचा आणि वार्षिक सभेत उभं राहून विचारा, आपल्या मंडळीचं तिसरं वर्ष कधी येणार?