अंगणवाडी म्हणजे नुसती खिचडी नव्हे!

परवा आमच्या गल्लीतली एक सूनबाई म्हणाली, "ताई, अंगणवाडीत काय, खिचडी मिळते. शिकायला नर्सरीच बरी." तीन वर्षांच्या पोराची फी भरायला तिने कानातलं मोडलं होतं! तिच्यावर रागवू तरी कशी?

मैत्रिणींनो, १९४५ मध्ये ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला काम सुरू केलं. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. पानं, दगड, शंख-शिंपले हीच साधनं. पुढे १९७५ मध्ये सरकारी एकात्मिक बालविकास योजना आली, तिच्यातही अंगणवाडी आलीच. पण वजन, लस, आहार या धबडग्यात शिकवणं मागे पडलं.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने हक्क दिला तो ६ ते १४ वर्षांच्या मुलांना. त्याहून धाकट्यांसाठी सरकार व्यवस्था 'करू शकेल', एवढंच. २०२० च्या धोरणाने ३ ते ८ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा मानला, हे छानच झालं. कायद्यातलं 'शकेल' मात्र तसंच आहे.

आणि शिकवायचं कुणी? सेविकाताई गाणं अर्धं टाकून मोबाइलवर माहिती भरत बसतात. त्यांना मिळतं ते मानधन, पगार नव्हे. डिसेंबर २०२३ मध्ये राज्यभरातल्या सेविका-मदतनीस संपावर गेल्या, त्या काय हौसेने?

त्या सूनबाईला मी गुरुवारी अंगणवाडीत घेऊन गेले. पोरगा चिंचोके मोजण्यात रंगला. ती हळूच म्हणाली, "रोज असं घेतील का हो?" मी सेविकाताईंकडे पाहिलं. त्या मोबाइल चार्जिंगला लावत होत्या.